शेवटच्या गाण्यापुढची खूण

नवी कॅसेट पहिल्यांदा ऐकताना तिच्यात खोट काढायची नाही, हा अण्णांचा नियम होता. अण्णा म्हणजे माझे वडील, मुखेड डेपोत एसटीचे कंडक्टर. "पाव्हणा दारात आला की आधी त्याला पाणी देतो ना आपण? मग इचारतो, का आलास," असं ते म्हणायचे. नियम सगळ्या गाण्यांना नव्हता. रेडिओवरच्या गायकांना ते खुशाल नावं ठेवायचे. नियम होता तो फक्त दोन भावांसाठी.

हे दोघे लातूरकडचे. थोरले पेटी वाजवत गायचे आणि धाकटे बेंजो वाजवायचे. आमच्याकडचा बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, कव्वालीत असतं ते. भजन, गौळण, कव्वाली, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. एखादं गाणं मराठीत सुरू व्हायचं आणि मध्येच दखनीत शिरायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण बाजारात आम्ही सगळे तसंच बोलायचो. दर वर्षी माळेगावच्या जत्रेत त्यांची नवी कॅसेट यायची. लोक खंडोबाला जायचे, घोडे-गाढवं बघायला जायचे, अण्णा कॅसेटीसाठी जायचे. जत्रेच्या जादा गाडीवर मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचे आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात नांदेडच्या कॅसेटवाल्या चाचांचं पाल, म्हणजे जत्रेपुरतं कापडी दुकान, गाठायचे.

घरी आली की आम्ही तिघं बसायचो, आई, अण्णा आणि मी. दोन्ही बाजू सलग ऐकायच्या. गाणं पुढं पळवायचं नाही, मागं आणायचं नाही. बाजू बदलायचं काम माझं. आठ गाणी संपली की अण्णा डबीतलं कार्ड बाहेर काढायचे, खिशातला बॉलपेन उघडायचे आणि विचारायचे, "कोणतं?" ज्याला जे आवडलं त्या गाण्यापुढं बरोबरची खूण, आणि खुणेशेजारी एक अक्षर. अण्णांचं अ, आईचं आ, माझं मी. का आवडलं हे विचारायचं नाही. कार्ड परत डबीत, डबी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

माझी खूण दर वर्षी फिरायची. अण्णांची बहुतेक पहिल्या बाजूवर असायची. आईची मात्र ठरलेली होती. प्रत्येक कॅसेटीत दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं धाकटे गायचे. त्यांचा आवाज बारीक, किंचित नाकातून येणारा. जत्रेतल्या कार्यक्रमात ते गायला लागले की लोक उठून चपला शोधायला लागायचे. मी तर त्याला 'चपला शोधायचं गाणं' असंच नाव ठेवलं होतं, आणि अण्णा नियम विसरून मिशीत हसायचे. आई हसायची नाही. "कोणतं?" विचारलं की म्हणायची, "शेवटचं."

"दुसरं सापडलं न्हाई का?" मी चिडवायची.

"तुझी खूण तू कर," एवढंच ती म्हणायची.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे आमच्या फळीवरची भांडी खाली आली. मुखेडला तेवढ्यावर भागलं. औशाकडं, उमरग्याकडं काय झालं ते उजाडल्यावर कळत गेलं. अण्णांना तिकडच्या गाडीवर ड्यूटी लागली. चौथ्या दिवशी घरी आले ते अंगावरच्या मातीसकट ओट्यावर बसले. आईनं पाणी दिलं. ते म्हणाले, "धाकटे गेले. थोरले दुसऱ्या गावी कार्यक्रमाला होते म्हणून राहिले." त्या दिवसांत अण्णांनी काय काय पाहिलं असेल, पण घरात त्यांनी सांगितलं ते एवढंच.

त्या वर्षी जत्रेत नवी कॅसेट नव्हती. असणार नाही हे आम्हाला माहीत होतं, तरी अण्णा पालापर्यंत जाऊन विचारून आले. पुढच्या वर्षीही विचारून आले. लोक म्हणायला लागले, की थोरल्यांनी गाणं सोडलं, पेटीवर चादर टाकली, आता संपलं. अण्णा म्हणायचे, "अजून आली न्हाई म्हणा. संपलं का म्हणता?" मला त्यांचा हा हट्ट फार आवडायचा. आमच्या घरात हट्टाला कधी तोटा नव्हता आणि सगळ्यात मोठा वाटा माझ्याकडं आलाय.

दहावीला बरे मार्क पडले आणि मला लातूरला टाकायचं ठरलं. त्या काळी आमच्याकडच्या प्रत्येक हुशार पोराला लातूरला टाकत. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली पोरं, खोलीत चार-चार खाटा, सकाळी सहाला पहिला क्लास, मग कॉलेज, मग दुसरा क्लास. शिकवणारे इतक्या भराभर सांगायचे की लिहून घेणं जमायचं नाही, म्हणून मुली टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायच्या. अण्णांनी घरातला एकुलता एक टेपरेकॉर्डर माझ्या हातात दिला. दोन वर्षं ते गाण्याशिवाय राहणार होते आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. वर पत्र्याचा डबा उघडून म्हणाले, "एक कॅसेट ने. एकटं वाटंल तिथं." मी भूकंपाच्या आधीची शेवटची उचलली. तिचं कार्डही तिच्यातच होतं.

आता माझी चूक सांगते. चाचणी परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्याजवळच्या कोऱ्या कॅसेटी भरून गेल्या होत्या. जीवशास्त्राचा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. विकतच्या कॅसेटीवर काही भरलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेला दोन भोकं ठेवलेली असतात. त्यांवर चिकटपट्टी लावली की भरता येतं, हे लातुरातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं. मी भोकांवर पट्टी लावली. एकच बाजू तर जाईल, नांदेडच्या चाचांकडून परत भरून घेऊ, असा माझा हिशेब होता. चाचांच्या दुकानात जगातलं प्रत्येक गाणं असतं आणि यादी दिली की संध्याकाळपर्यंत भरून मिळतं, असंच आम्ही समजत आलो होतो. पहिल्या बाजूवरची चारही गाणी पुसली गेली आणि त्या जागी पेशींची रचना आली. चाचणीत मला चांगले मार्क पडले, त्यामुळं महिनाभर मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

दिवाळीला टेपरेकॉर्डर घेऊन घरी गेले. फराळ झाल्यावर अण्णा म्हणाले, "आण ती." मी म्हटलं, दुसरी लावू. ते म्हणाले, तीच आण. मी तोंड उघडायला हवं होतं. ते न उघडता मी कॅसेट त्यांच्या हातात दिली, याची लाज मला आजही वाटते. बटण दाबलं तर सरांचा आवाज, "चला, वह्या उघडा." मी उठून बंद करायला गेले.

"बस," अण्णा म्हणाले. "पहिल्यांदाच ऐकून राहिलोय."

अर्धा तास आम्ही तिघांनी पेशींची रचना ऐकली. अण्णा मांडी घालून, डोळे मिटून, थोरल्यांचं गाणं ऐकावं तसे बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आई माझ्याकडं बघत नव्हती. बाजू संपली तेव्हा अण्णा म्हणाले, "शिकवणारा माणूस चांगला हाय." मी बाजू बदलली. तिथली गाणी शाबूत होती. शेवटचं संपल्यावर त्यांनी कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "आता नवी यायलाच पायजे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्याच दिवशी ठरवलं, की ती बाजू परत आणायची. अकरावी आहे, क्लास आहे, सगळं खरं, पण ती चार गाणी आणल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

सुट्टी संपताच लातूरला जाण्याआधी नांदेडला वजिराबादेत चाचांचं दुकान गाठलं. चाचांनी कपाटं उघडून दाखवली. ती कॅसेट त्यांच्याकडं एकही उरली नव्हती. भूकंपानंतर लोकांनी शोधून शोधून नेल्या होत्या. भरणारी कंपनी बंद पडली होती आणि मूळ टेप कुठं गेली ते कुणाला माहीत नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"अब बेटी, एकच घर हाय," चाचा म्हणाले. "थोरल्यांपाशी असंल तर असंल. मी दोनदा जाऊन आलो नव्या कॅसेटीसाठी. चहा पाजतात, गाण्याचं नाव काढलं की उठून आत जातात. तुझी हिंमत असंल तर जा." त्यांनी कागदावर गावाचं नाव आणि घराचा नंबर लिहून दिला.

त्या वर्षी जत्रेत अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मोकळ्या हातानं आले.

संक्रांत झाल्यावरच्या एका रविवारी मी टेस्ट बुडवली आणि औशाची गाडी धरली. पिशवीत टेपरेकॉर्डर, ती कॅसेट आणि दिवाळीत घरून आणलेला पत्र्याचा डबा. औशापुढं जीप मिळाली. भूकंपानंतर वसवलेलं ते नवं गाव, सगळी घरं एकसारखी, सगळे रस्ते सरळ. नंबर नसता तर कुणाचंच घर सापडलं नसतं. थोरले ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. जत्रेत स्टेजवर मला ते केवढे मोठे वाटायचे. इथं एक बारकेसे म्हातारे गृहस्थ होते.

"कुणाची गं माय तू?"

मी सांगितलं, मुखेडहून आलेय, लातूरला शिकते, वडील कंडक्टर आहेत. मग एका दमात सांगून टाकलं, की तुमची शेवटची कॅसेट हवी आहे, तुमच्याकडं असेल तर मला भरून घेऊ द्या.

त्यांचे हात थांबले. "तीच मी हुडकून राहिलोय," ते म्हणाले. "आमच्याकडच्या सगळ्या मातीत गेल्या. एकबी न्हाई. तुझ्यापाशी हाय?"

मी खोटं बोलायचा विचार केला, तो अगदी जिभेवर आला होता. मग म्हटलं, "आहे, पण पहिल्या बाजूवर मी क्लासचा तास भरला."

"आन् दुसरी?"

"दुसरी आहे."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता उठून आत जातील. ते म्हणाले, "म्हंजे माझी गेली आन् त्याची राहिली. बरं झालं. लाव."

आम्ही ओट्यावर दुसरी बाजू ऐकली. पहिल्या तीन गाण्यांत गळा त्यांचा होता, पण ते ऐकत होते फक्त बेंजो. बोटं गुडघ्यावर हलत होती. शेवटचं गाणं लागलं, धाकट्यांचं. माझ्या तोंडी मी त्याला दिलेलं नाव होतं आणि मी ते गिळून बसले होते. गाणं संपलं तरी त्यांनी टेप बंद करू दिली नाही. कोरी फीत खरखरत शेवटाला गेली आणि बटण आपोआप वर आलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी डबा उघडून कार्डं दाखवली. अण्णांचा नियम सांगितला, खुणा सांगितल्या. त्यांना चष्मा लागत होता, तो घरातून मागवला. मग एकेक कार्ड उन्हात धरून वाचायला लागले. चार-पाच कार्डं झाल्यावर विचारलं, "हे आ कोण?"

"आई."

त्यांनी उरलेली सगळी कार्डं घाईघाईनं उलटली, नुसती शेवटची ओळ बघत. प्रत्येकावर आ होता.

"दरसाल म्हणायचा," ते म्हणाले, "दादा, माझं काढून टाक, लोक उठून जात्यात. मी म्हणायचो, राहू दे की. भाऊ हाय म्हणून राहू दे म्हणायचो मी. मलाबी वाटायचं, कुणी ऐकत न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "त्याला सांगायला पायजे होतं गं कुणीतरी."

आमच्या घरात अकरा कार्डांवर लिहिलेली गोष्ट आम्ही डब्यात बंद करून फळीवर ठेवली होती. ज्याच्यासाठी ती होती त्याच्यापर्यंत ती पोचवावी हे आम्हा तिघांतल्या एकालाही सुचलं नव्हतं. सोळा वर्षांची होते, पण इतकं मला त्या ओट्यावर कळलं, आणि फार लागलं.

निघताना मी म्हटलं, "अण्णा दर वर्षी जत्रेत विचारतात, नवी कधी येणार."

"चाचा सांगतो मला, एक कंडक्टर येतो म्हणून. पण बेंजो कोण वाजवंल?"

"कुणीच वाजवू नका," मी म्हटलं. "तेवढी जागा मोकळी सोडा."

सोळाव्या वर्षी माणूस काहीही बोलतं. मी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी तिचं कार्डही मागून घेतलं, आणि मी रिकामी लातूरला आले. जी बाजू आणायला गेले होते ती तर मिळालीच नाही, उरलेलीही देऊन आले. अण्णांना पत्रात कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं, की देऊन आलीस ते बरं केलंस, आता अभ्यास कर.

पुढच्या जत्रेच्या वेळी मी बारावीत होते. एका गुरुवारी भर दुपारी, क्लासमधून खोलीवर आले तर दारात अण्णा आणि आई. अण्णांची सुट्टी होती. मुखेडहून तीन गाड्या बदलून दोघं आले होते आणि अण्णांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी कॅसेट होती. चार दिवस ती घरात पडून होती. मुखेडला शेजारीपाजारी टेपरेकॉर्डर होते, पण तिघं नसताना ऐकायची कशी, म्हणून ते लातूरला घेऊन आले होते. चाचांनी म्हणे अण्णांना लांबून बघताच पालातून हात वर केला होता.

मालकीणबाईंचा नियम होता, खोलीत गाणं लावायचं नाही. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, काय व्हायचं ते होईल.

कार्ड बाहेर काढलं आणि आई म्हणाली, "हे काय?" आठ गाण्यांची नावं छापली होती. आठव्या नावापुढं बरोबरची खूण होती आणि शेजारी आ. छापलेलं. जत्रेत गेलेल्या प्रत्येक कॅसेटीवर ते होतं आणि कुणालाच त्याचा अर्थ कळला नव्हता. अण्णांना कळला होता. चार दिवस पोटात ठेवून ते गप्प बसले होते. ते आईकडं बघायला लागले. मला वाटलं, आई रडेल.

"ऐकायच्या आधीच?" आई म्हणाली. तिला राग आला होता. "ऐकल्याबिगर कशी खूण करत्यात?"

आम्ही ऐकायला बसलो. थोरल्यांचा आवाज बसला होता. दम मध्येच तुटत होता. जिथं बेंजो वाजायचा तिथं पेटीसुद्धा थांबायची, नुसता ढोलकीचा ठेका चालू राहायचा. कॅसेट खराब निघाली म्हणून काही लोक जत्रेत ती परत द्यायला आले होते, असं अण्णांनी नंतर सांगितलं. तेवढी जागा मोकळी सोडा, असं मी त्या ओट्यावर म्हटलं होतं. मी बाजू बदलली.

आठवं गाणं नवं होतं, पण धाकट्यांच्या पट्टीतलं. त्या उंचीवर थोरल्यांचा गळा पोचत नव्हता. दोनदा फाटला. पट्टी खाली घेतली असती तर सहज निभलं असतं. ती त्यांनी घेतली नव्हती. गाणं संपलं. खोट काढायची नव्हती आणि कुणी काढली नाही.

अण्णांनी पेन उघडला, माझी खूण केली, स्वतःची केली आणि पेनाला टोपण लावायला लागले.

"माझी?" आई म्हणाली.

"तुझी हाय की. छापूनच आली."

"ती त्यांची हाय. माझी कुठं हाय?" मग ती म्हणाली, "शेवटचं परत लाव."

पहिल्या ऐकण्यात मागं जायचं नाही, हाही नियम होता. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी फीत मागं घेतली. आईनं ते गाणं दुसऱ्यांदा ऐकलं, गळा फाटतो तिथं मान खाली घालून. मग अण्णांच्या हातातून पेन घेतला, छापलेल्या खुणेशेजारी आपली खूण केली, आ काढला आणि कार्ड डबीत न ठेवता माझ्या वहीवर ठेवलं.

"पत्र टाक त्यांना," ती म्हणाली. "लिही, ऐकून केली म्हणावं."